आधी पडणं

पहाटे ५.३०

श्रावणात जिम्नॅस्टिक्स-मल्लखांबाचा हॉल उघडला की पहिलं काम गाद्या उलटवण्याचं. रात्रभर पाऊस कोसळलेला असतो आणि कोकणातल्या सावर्ड्याच्या हवेत इतकी ओल असते की गादीच्या खालून हात फिरवला तरी तळवा दमट होतो. एकेक गादी उभी करून मी खाली बॅटरी मारते. पावसात विंचू कोरडी जागा शोधत आत येतात, एखाद्या वेळी जनावरही निघतं. मग गाद्यांचे जोड तपासायचे. दोन गाद्यांमध्ये बोटभर फट राहिली तरी पाऊल त्यात अडकतं आणि घोटा वळतो. मी पाहिलेले मुरगळलेले घोटे बहुतेक अशा फटींमधले आहेत. मोठ्या उडीच्या वेळी सगळेच सावध असतात. फटीकडे कुणाचं लक्ष नसतं.

मल्लखांबाची निगा वेगळी. खांब सागवानी, जमिनीपासून साधारण साडेआठ फूट, वर निमुळता होत मानेशी बारीक झालेला आणि टोकाला बोंड. त्याला एरंडेल लागतं. पण दमट हवेत कालचं तेल धूळ धरून बसतं, म्हणून आधी जुना थर पुसायचा, मग नवा हात. खांब हलवून पाहिल्याशिवाय मी कुणालाही वर सोडत नाही.

सकाळी ६.१५

असुर्डे, कोंडमळा, डेरवण अशा आजूबाजूच्या गावांतून हायस्कूलची मुलं येतात. छत्र्या दाराशी, ओले पाय पायपुसण्यावर, आणि तळवे पूर्ण कोरडे झाल्याशिवाय गादीवर पाऊल नाही.

अंग गरम झालं की वीस मिनिटं फक्त पडायचं. मागे तोल गेला तर हात मागे टेकवायचा नाही. ताठ हातावर सगळं वजन आलं की मनगट तरी जातं, नाहीतर कोपर. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात समोर, आणि लोळण घेऊन उठायचं. आधी बसून, मग उभ्यानं, मग ठोकळ्यावरून. नवीन मुलांना याचा कंटाळा येतो. ती उडायला आलेली असतात.

एक मुलगा रोज विचारतो, "ताई, आज बॅकफ्लिप मारू?" त्याच्या मोबाइलमध्ये कुणीतरी समुद्राच्या वाळूत सलग तीन पलट्या मारतो ती रील आहे. ती मीही पाहिली. मुलगा खरंच चांगला उडतो. पण रील पंधरा सेकंदांची. त्याआधीची वर्षं त्यात नाहीत, आणि ओली वाळू किती टणक असते तेही दिसत नाही. इथे क्रम ठरलेला आहे: मागची कोलांटी, कमान, भिंतीशी हातांवर उभं राहणं, मग माझ्या हाताच्या आधारानं फ्लिक, म्हणजे हात टेकून मागची पलटी, आणि त्यानंतर केव्हातरी हात न टेकता मागची उडी. कमानीत त्याचे खांदे अजून उघडत नाहीत. खांदे उघडत नसतील तर फ्लिकमध्ये कोपर वाकतं, आणि कोपर वाकलं की डोकं आपटतं. मी त्याला एवढंच दाखवते. ओरडून काही साधत नाही.

मोठ्या मुलांना मी एलेना मुखिनाची गोष्ट सांगते. सोव्हिएत संघाची ही मुलगी १९७८ साली जगज्जेती झाली. पुढे पाय मोडला, तो पुरता भरण्याआधीच तिला सरावाला लावलं. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकला दोन आठवडे उरले असताना एका अवघड उडीत ती हनुवटीवर आपटली आणि मान मोडली. २००६ साली मरेपर्यंत ती अंथरुणालाच खिळून होती. हवेत फिरून थेट लोळणीत उतरायच्या त्या जातीच्या उड्या पुढे स्पर्धांतून काढून टाकल्या. मुलं गप्प होतात. त्यांना घाबरवावं म्हणून मी हे सांगत नाही. पाय दुखत असताना "दुखतोय" म्हणायची त्यांना सवय लागावी म्हणून सांगते.

सकाळी ९.००

मुलं शाळेत गेली की टेप काढते. बीम जमिनीपासून सव्वा मीटर, रुंदी दहा सेंटिमीटर. मुलींच्या व्हॉल्टचं टेबलही सव्वा मीटर. धावपट्टीवरच्या खुणा, स्प्रिंगबोर्डचे स्क्रू, बारच्या तारांचा ताण, सगळं वहीत उतरवते.

हे रोज कशाला, असं एका पालकांनी विचारलं होतं. त्यांना मी सिडनीचं सांगितलं. २००० च्या ऑलिंपिकमध्ये मुलींच्या वैयक्तिक अंतिम फेरीत व्हॉल्ट पाच सेंटिमीटर खाली बसवला होता. जगातल्या उत्तम मुली एकामागून एक चुकत होत्या. पदकाची दावेदार स्वेतलाना खोरकिना गुडघ्यांवर कोसळली. शेवटी ऑस्ट्रेलियाच्या अलाना स्लेटरनं उंची चुकल्याचं बोलून दाखवलं, तेव्हा कुठे मोजमाप झालं. इतके पंच, इतके प्रशिक्षक, आणि टेप कुणी लावली नव्हती. त्या प्रत्येक मुलीला आधी वाटलं असणार की चूक आपलीच.

स्प्रिंगबोर्डभोवती घोड्याच्या नालेसारखी एक गादी लागते. १९८८ मध्ये टोकियोत अमेरिकेच्या जुलिसा गोमेझचा पाय बोर्डावरून सरकला आणि ती मानेवर पडली. तीन वर्षांनी ती गेली. बोर्डाला कड करणारी ही गादी त्यानंतर आली, आणि आज पाठमोऱ्या व्हॉल्टला ती सक्तीची आहे. आमच्या मुली तिच्यावर बसून डबे खातात, आणि मी दर वेळी त्यांना उठवते.

दुपारी १.००

कुळथाचं पिठलं, भात, आणि तासभर पाठ टेकणं. त्या वेळात मीही मोबाइल बघते. मुलं काय बघून येतात ते मला ठाऊक असायला हवं.

२०१६ मध्ये रिओत दीपा कर्माकरनं प्रोदुनोव्हा ही अवघड उडी मारली आणि व्हॉल्टमध्ये ती चौथी आली. कांस्यपदक ०.१५ गुणानं हुकलं. त्या महिन्यात देशभर घराघरात जिम्नॅस्टिक्सचं नाव निघालं आणि पोरींना क्लासला घाला म्हणून आया चौकशी करू लागल्या. दीपाचं हे ऋण आमच्यासारख्यांवर कायमचं आहे. पण वाहिन्यांनी त्या उडीला 'मृत्यूची उडी' म्हणून विकलं. अगरतळ्यात बिश्वेश्वर नंदींच्या हाताखाली एका सपाट तळव्याच्या मुलीनं किती वर्षं नुसतं धावणं आणि टेकणं घोटलं, हे त्या नावात कुठेच उरलं नाही. पुढे गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. तरी २०२४ मध्ये ती आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्ण घेऊन आली, आणि ती बातमी किती जणांनी वाचली? माझ्या मते तिची मोठी कामगिरी तीच.

मल्लखांबाला तर आपल्याच लोकांनी बराच काळ जत्रेतल्या कसरतीत काढलं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली, १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिनमध्ये देशी खेळांचं दर्शन घडवलं, २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली, हिमानी परबला अर्जुन पुरस्कार मिळाला, उदय देशपांडे सरांना २०२४ मध्ये पद्मश्री. आणि टीव्हीवरच्या कार्यक्रमात मात्र अजून धूर सोडून, ढोल वाजवून खांबावर उलटी लटकलेली मुलं दाखवतात आणि परीक्षक तोंडावर हात ठेवतात. माझ्या मुलांना टाळ्या मिळाव्यात, जरूर मिळाव्यात. त्या खांबावर पायांची अढी नेमकी बसली म्हणून मिळाव्यात, पडला असता म्हणून नव्हे.

दुपारी ३.३०

पाच ते आठ वर्षांची पिल्लं. आई-आज्या भिंतीशी बसतात. दार सताड उघडं असतं, आणि ते मी मुद्दाम उघडं ठेवते. या खेळात आधार द्यायचा म्हणजे मुलाच्या कंबरेला, पाठीला, मांडीला हात लावावा लागतो. म्हणून आधी सांगायचं, "आता पाठीला हात देते हं," मग हात द्यायचा. आणि मूल "नको" म्हणालं तर थांबायचं. अमेरिकेत २०१८ च्या जानेवारीत दीडशेहून जास्त जणी कोर्टात उभ्या राहून बोलल्या, उपचाराच्या नावाखाली राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरनं काय केलं ते. तिथली मोठमोठी माणसं वर्षानुवर्षं ऐकून घेत नव्हती. सुरक्षितता म्हणजे नुसती जाड गादी असं मानणाऱ्या प्रत्येक संस्थाचालकानं ती साक्ष वाचावी.

संध्याकाळी ५.००

मुलींचा दोरीचा मल्लखांब. सुती दोरी पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात पकडून वर जायचं. इथे गाठ नाही, तेल नाही, सगळी भिस्त पकडीवर. एक मुलगी गेले काही दिवस वरून उतरताना दचकते. कुठे आहोत तेच मध्येच कळेनासं होतं, म्हणाली. डेरवणच्या क्रीडासंकुलात दरवर्षी भरणाऱ्या युथ गेम्समध्ये तिला उतरायचंय, आणि तिची आई माझ्याकडे बघत होती.

मी तिला टोकियो ऑलिंपिकमधला सिमोन बाइल्सचा व्हॉल्ट दाखवला. अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, हवेत दिशा हरवली, दीडच झाल्या. त्यानंतर ती सांघिक स्पर्धेतून बाहेर पडली. जगानं नावं ठेवली. थोड्या दिवसांनी बीमवर तिनं कांस्य घेतलं, आणि पॅरिसला तीन सुवर्णं. पोरगी दोनदा बघून म्हणाली, "म्हणजे मी खालूनच करू थोडे दिवस?" आईला मी म्हटलं, "वहिनी, स्पर्धा फाल्गुनाच्या आसपास आहे. आत्ता श्रावण चाललाय."

संध्याकाळी ७.००

हॉल बंद करायच्या वेळी गोविंदा पथकाची पोरं आली. दरवर्षी येतात. गोपाळकाला जवळ आला की त्यांना गाद्या आठवतात, आणि मला त्यांचं येणं आवडतं. ज्या गावात शिमग्याला होल्टे होमात पेटती लाकडं एकमेकांवर फेकतात, तिथल्या पोरांना धाडस शिकवावं लागत नाही.

"ताई, यंदा पाच थर. वर आमच्या दाद्याचा बारका."

बारका नऊ वर्षांचा आहे. उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये दहीहंडीला वीस फुटांची आणि अठरा वर्षांची मर्यादा घातली, २०१७ मध्ये उंचीची अट गेली, पण चौदाच्या आतलं मूल चालणार नाही हे राहिलं. २०२२ मध्ये सरकारनं दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. मी म्हटलं, "खेळ म्हणायचं तर खेळासारखा सराव हवा. बारका खाली, माझ्याकडे, कोलांट्या मारील."

"मग वर कोण? आमचं सगळ्यांचं वजन बघा की."

"पंधराच्या पुढचा हलका कोणीतरी. कंबरेला दोर, डोक्याला हेल्मेट. नाहीतर गाद्या मिळणार नाहीत."

थोडी कुरकुर झाली. शेजारच्या वाडीचे लोक पाच लावतात, हेही निघालं. मी त्यांना गादीवर उभं केलं आणि दोन थर लावायला सांगितले. चढले भराभर. उतरताना वरच्यानं खालच्याच्या मानेवर पाय दिला, आणि खालचा वाकला. मी तिथेच थांबवलं. पाय खांद्याच्या मुळाशी, गुडघे किंचित सैल, वरचा पूर्ण उतरेपर्यंत खालच्यानं हात सोडायचा नाही, आणि कोसळलंच तर बाहेर उडी न मारता जागच्या जागी गोल व्हायचं. मी पाहिलेले थर चढताना क्वचित कोसळलेत. हंडी फुटल्यावर, आनंदाच्या भरात, उतरतानाच कोसळलेत.

पुन्हा लावले. पुन्हा उतरले. तिसऱ्या वेळी मान कुणाच्याच पायाखाली आली नाही.

"उद्या सातला या," मी म्हटलं. "येताना टेम्पो आणा, गाद्या मैदानात न्यायला. ताडपत्रीही लागेल. चार थर, आणि पहिला आठवडा फक्त उतरायचं."

"आणि हंडी किती उंच बांधायची, ताई?"

"आठवडा झाला की सांगते."

ते बाहेर पडले. मी दुखापतींची वही काढली, आजच्या तारखेखाली मधल्या थरातल्या पोराची मान लिहिली आणि त्याच्या घरी फोन लावला.