कोंदणाची हत्यारे आणि कारागिराचे भांडवल

अहिल्यानगरला लागून असलेल्या भिंगारच्या परिसरात हत्यारांची दोन जगे शेजारी शेजारी नांदतात. एकीकडे लष्कराची छावणी आणि रणगाडा दलाचे शिक्षणकेंद्र. यंत्रशाळेतील पाना कोणीही उचलावा आणि त्या मापाच्या कोणत्याही नटाला लावावा. हात बदलला तरी हत्यार बदलत नाही, हेच तेथील कार्यक्षमतेचे मर्म. दुसरीकडे सोनाराची बैठक. खडे बसविणाऱ्या कारागिराची कोरणी दुसऱ्याच्या हाती दिली, तर ती बहुधा नीट चालत नाही. हा भेद केवळ सवयीचा नव्हे. त्यामागे एक आर्थिक सत्य दडलेले आहे.

बाजारातून विकत आणलेली कोरणी हे पुरते हत्यार नव्हे, तो हत्याराचा कच्चा माल होय. मूठ तळव्यात टेकविली असता टोक अंगठ्याच्या पुढे सुमारे इंचभर राहावे, अशा बेताने तिची लांबी कमी करावी लागते. ती लांब राहिली तर टोक डगमगते. आखूड झाली तर हात अवघडतो. नंतर धार. घासताना पोलाद तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरते. म्हणून ते वारंवार पाण्यात बुडवावे लागते आणि शेवटी तेल लावलेल्या दगडावर परजावे लागते.

खड्यांचे स्वभावही निरनिराळे. कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिरा १०, माणिक ९. मोती व पोवळे मात्र ४ च्या आसपास किंवा त्याहून खाली. पाचू कठीण खरा, परंतु त्याच्या पोटात बहुधा भेगा असतात. दाब चुकला की तो तडकतो. पोलादी कानस मऊ खड्यावर ओरखडा उठविते, म्हणून जाणता कारागीर तिची एक कड घासून गुळगुळीत करतो. कोंदणाची कड खड्यावर वळविणाऱ्या दाबणीचे टोक तो किंचित खरबरीत ठेवतो, म्हणजे ते निसटत नाही. खडा नाजूक असेल तर पोलादाऐवजी पितळेची दाबणी घेतो. दहा रुपयांच्या पितळी तुकड्याने हजारोंचा खडा वाचतो, तो या जाणतेपणामुळे.

हे भांडवल कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, आणि म्हणूनच धोरणकर्त्यांच्या नजरेतून निसटते. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. १४ कॅरटचे सोने २२ कॅरटपेक्षा कठीण. त्याचे कोंदण वळविण्यास जोर अधिक लागतो आणि खड्याला धोकाही वाढतो. मऊ सोन्यावर बसलेला हात व त्या हाताला बेतलेली हत्यारे एका आदेशाने निरुपयोगी ठरू शकतात, याचा विचार त्या वेळी झाला नाही. पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा झाला आणि १९९० मध्ये तो रद्दही झाला. दरम्यान अनेक सोनारांनी धंदा सोडला होता.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांत सोनारकामाचा समावेश झाला. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साह्य, प्रशिक्षण आणि ५ टक्के व्याजाने कर्ज या तरतुदी निःसंशय स्वागतार्ह आहेत. परंतु हत्यारे हाती पडली म्हणजे भांडवल उभे राहिले, असे मानणे ही जुनीच चूक ठरेल. प्रशिक्षणाचे पहिले दिवस हत्यार स्वतःच्या हाताला बेतण्यासाठी राखून ठेवावेत. ती विद्या अनुभवी कारागिरांनी शिकवावी आणि त्याबद्दल त्यांना योग्य मानधन मिळावे. साह्याच्या रकमेतून सुटे पोलाद, मुठी आणि धारेचे दगड घेण्याचीही मुभा असावी.

हत्यार सरकारला देता येईल. ते हाताला लावून घेण्याची विद्या मात्र एका हातातून दुसऱ्या हातातच जाते. जुने हात थकण्यापूर्वी तिची सोय झाली नाही, तर नवी हत्यारे पेटीतच पडून राहतील.