नसलेला ट्रक

मुंबईहून कर्जतला जाताना कर्जतच्या आधी भिवपुरी रोड हे लहानसे स्थानक लागते. येथे न थांबणारी एखादी एक्सप्रेस शीळ घालत जाते तेव्हा नीट कान द्या. गाडी जवळ येताना शीळ बारीक ऐकू येते आणि इंजिन पुढे गेले की तीच शीळ जाड होते. चालकाने शीळ बदललेली नसते. गाडीचा वेग ताशी ९० किलोमीटर आणि शिळेची कंप्रता सेकंदाला ४०० असेल, तर येताना आपल्या कानी सुमारे ४३० आणि जाताना सुमारे ३७० कंपने पडतात. १८४२ साली ख्रिस्तियान डॉप्लर यांनी मांडलेला परिणाम तो हाच.

जमिनीवर हलणाऱ्या वस्तू शोधणारे रडार याच परिणामावर चालते. समजा, माथेरानच्या दक्षिण टोकाला, वन ट्री हिल पॉइंटवर, असे एक रडार ठेवले आहे. खाली चौक गाव, खालापूरकडे जाणारा द्रुतगती मार्ग आणि दूरवर राजमाची. रडार रेडिओलहरींचे छोटे छोटे स्पंद पाठवते आणि त्यांचे प्रतिध्वनी टिपते. प्रतिध्वनीला जितका वेळ लागला त्यावरून अंतर कळते. प्रत्येक मायक्रोसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या दहा लक्षांशाला, १५० मीटर हा हिशेब.

पण डोंगर, घरे, झाडे सगळीच प्रतिध्वनी देतात. डोंगराच्या त्या गलक्यात ट्रकचा प्रतिध्वनी म्हणजे ढोलापुढे टिचकी! म्हणून रडार लागोपाठच्या दोन प्रतिध्वनींची वजाबाकी करते. स्थिर डोंगराचा प्रतिध्वनी दोन्ही वेळा सारखाच, तो वजा होऊन जातो. ट्रकचा मात्र शिल्लक उरतो. (पावसाळ्यात वाऱ्याने झोडपलेली झाडेही थोडी शिल्लक उरतात आणि रडारवाल्यांना छळतात.) रडार विमानात असले, तर त्याच्या दृष्टीने डोंगरसुद्धा धावतात. तेव्हा वजाबाकीचे गणित बरेच अवघड होते.

आता आकडे पाहू. रडारची कंप्रता सेकंदाला एक हजार कोटी आहे आणि ट्रक ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने सरळ रडारकडे येतो आहे. प्रतिध्वनीची कंप्रता अवघ्या १,००० ने वाढते. कोटीला एक! तरीही हा फरक मोजता येतो. तो ध्वनिवर्धकावर सोडला तर सूर म्हणून ऐकूही येतो.

ज्याला हे रडार निकामी करायचे आहे, त्याच्यापुढे दोन वाटा असतात. वर्गातली हजेरी आठवा. सगळ्या वर्गाने आरडाओरडा केला तर गुरुजींना काही ऐकू येणार नाही, पण कोणी दंगा करते आहे हे त्यांना कळेल. याउलट एकानेच गैरहजर मित्राच्या नावावर हळूच ‘हजर’ म्हटले, तर गुरुजी निर्धास्तपणे खूण करून पुढे जातील. दुसरी वाट अधिक धोक्याची, कारण फसलेल्याला आपण फसलो हेच ठाऊक नसते. नसलेल्या ट्रकांच्या ताफ्यासमोर सैन्य हलवले, तर खरा ताफा येतो त्या वाटेवर कोणीच उरत नाही.

१९४४ साली ५ जूनच्या रात्री ब्रिटिशांच्या ६१७ क्रमांकाच्या तुकडीतील लँकेस्टर विमानांनी इंग्लिश खाडीवर अशीच एक युक्ती केली. विमाने लांबट फेऱ्या मारत धातूचा मुलामा दिलेल्या पट्ट्या टाकत होती. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीहून थोडी पुढे. हेतू हा, की जर्मन रडारवर जहाजांचा काफिला संथपणे फ्रान्सच्या किनाऱ्याकडे सरकताना दिसावा. विमाने जहाजाच्या गतीने पुढे सरकवणे, हीच त्यातली खरी कसरत.

आजचे फसवे यंत्र पट्ट्या टाकत नाही. ते रडारचा स्पंद पकडून अंकांच्या रूपात साठवते, थोडा विलंब लावते, कंप्रता किंचित बदलते आणि परत पाठवते. विलंबातून खोटे अंतर तयार होते, कंप्रतेतून खोटा वेग.

मात्र येथेच लबाडी उघडी पडू शकते. आपला ट्रक सेकंदाला १५ मीटर जवळ येत असेल, तर विलंबही दर सेकंदाला बरोबर ०.१ मायक्रोसेकंदाने घटला पाहिजे. अंतर आणि कंप्रता हे एकाच घटनेचे दोन साक्षीदार आहेत. दोघांच्या जबान्या जुळल्या नाहीत, तर ट्रक खोटा. हुशार शत्रू त्या जुळवतोही. मग तिसरा साक्षीदार उपयोगी पडतो, तो म्हणजे दिशा. एकाच यंत्रातून निघालेले दहा खोटे ट्रक एकाच दिशेने येतात. दोन-तीन आकाशकांनी दिशा ताडून पाहिली की दहाही ट्रक एका रेषेत, भाताच्या खाचरांतून आणि डोंगराच्या कड्यांवरून धावताना सापडतात. शिवाय रडार दर वेळी स्पंदाचे रूप बदलत राहिले, तर पुढचा स्पंद कसा असेल हे यंत्राला आधी कळत नाही. त्यामुळे स्वतःच्या अलीकडे खोटा ट्रक दाखवणे त्याला फार कठीण जाते.

महामार्गावर पोलीस वापरतात ती वेग मोजणारी रडार-बंदूकही डॉप्लर परिणामावरच चालते. तिला खोटा सूर ऐकवू पाहणारी उपकरणे परदेशांत विकली गेली आहेत. आपल्याकडे परवानगीवाचून असा जॅमर वापरणे बेकायदेशीर आहे. पण दोन कॅमेऱ्यांमधले अंतर गाडीने किती वेळात कापले, एवढेच पाहिले तर कोणताही खोटा सूर कामाला येत नाही. तेथे कंप्रतेला कोणी विचारतच नाही.

आता एक उदाहरण तुम्हीच सोडवा. वन ट्री हिलवरच्या आपल्या त्याच रडारला एक ट्रक सरळ जवळ येताना दिसतो आहे. विलंब दर सेकंदाला ०.२ मायक्रोसेकंदाने घटतो आणि कंप्रता १,००० ने वाढलेली आहे. ट्रक खरा की खोटा?