अ‍ॅडमिन दोषी केव्हा?

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी आक्षेपार्ह मजकूर टाकला की आधी घाबरतो तो अ‍ॅडमिन. ‘आता तुला आत टाकतील’ म्हणणारेही भेटतातच. ही भीती बरीचशी गैरसमजातून आलेली आहे.

फौजदारी कायद्यात परोक्ष दायित्व (दुसऱ्याच्या कृत्याची जबाबदारी) अपवादानेच लागू होते. सोसायटीच्या फलकावर कुणी रात्रीतून शिवीगाळीचा कागद चिकटवला, तर फलक लावणारा सेक्रेटरी गुन्हेगार ठरत नाही, तसेच हे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हेच सांगितले. सदस्याचा मजकूर अ‍ॅडमिनला आधी तपासता येत नाही. अशा सदस्याला ग्रुपमधून काढले नाही, एवढ्यावरून गुन्हा होत नाही.

मात्र दोघांचे आधीपासून संगनमत असेल, तर अ‍ॅडमिनही अडकतो. आणि मजकूर स्वतः पुढे पाठवला असेल, तर ‘मी फक्त फॉरवर्ड केले’ हा काही बचाव नव्हे.