खिदिरपूरच्या शाळांतील चौथी भाषा

कोलकात्यातील खिदिरपूर ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या गोदीभोवती दाटलेली वस्ती असून, बिहार आणि उत्तर प्रदेशातून पोटापाण्यासाठी आलेल्या कुटुंबांमुळे येथे उर्दू, हिंदी, भोजपुरी व बंगाली शेजारीशेजारी नांदतात. शाळांच्या अभ्यासक्रमात इंग्रजीला ‘दुसरी भाषा’ असे स्थान असले, तरी घरी भोजपुरी, वर्गात उर्दू आणि रस्त्यावर हिंदी वापरणाऱ्या मुलासाठी ती चौथी ठरते. फॅन्सी मार्केटमधील पाट्यांवर आणि खोक्यांवर इंग्रजी अक्षरे भरपूर दिसतात. घासाघीस मात्र हिंदीतच चालते, त्यामुळे तासाबाहेर इंग्रजी मुलाच्या कानावर क्वचितच पडते.

उर्दू माध्यमातील मुलाची अडचण अक्षरापासूनच सुरू होते. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते आणि तिच्यातील ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. शब्द आधीच ठाऊक असल्यामुळे वाचणारा ते मनानेच भरून घेतो. इंग्रजीत स्वर लिहिलेले असतात, पण ‘कॅट’, ‘कार’, ‘कॉल’ आणि ‘केक’ या चारही शब्दांत एकच अक्षर चार तऱ्हांनी उच्चारावे लागते, आणि शब्दच अनोळखी असल्याने अंदाजाची सवय येथे कामी येत नाही. त्यात ‘तो’ व ‘ती’ यांसाठी उर्दू, हिंदी आणि बंगालीत एकच सर्वनाम पुरते, त्यामुळे इंग्रजीत बहिणीविषयी लिहिताना पुल्लिंगी सर्वनाम सहज उतरते. मराठी मुलाला हा घोटाळा सहसा होत नाही.

धोरणाने मात्र या तपशिलांकडे पाहिले नाही. डाव्या आघाडीच्या सरकारने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला प्राथमिक वर्गांतून इंग्रजी काढून ती सहावीवर नेली. पहिल्या भाषेत मिळवलेले वाचन-विचाराचे कौशल्य दुसरीत उपयोगी पडते, हे जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये मांडलेले तत्त्व पाहता त्या निर्णयामागील विचार टाकाऊ नव्हता. परंतु ऐपत असलेल्या पालकांनी इंग्रजी माध्यमाची वाट धरली आणि प्रयोगाचा भार गरिबांच्या मुलांवर पडला. पुढे 1999 मध्ये इंग्रजी तिसरीत आणि 2004 मध्ये पहिलीत आली. महाराष्ट्राने ती 2000 मध्येच पहिलीत आणली होती. दोन्हीकडे वाद इयत्तेवर रंगला आणि शिक्षकाला स्वतःला ती भाषा कितपत बोलता येते, हा अडचणीचा प्रश्न बाजूला राहिला.

ज्या शिक्षकाचे इंग्रजी पुस्तकी असते, तो धडा ओळीओळीने उर्दूत सांगतो आणि उत्तरे फळ्यावर लिहून देतो. दहावीच्या ‘माध्यमिक’ परीक्षेत शंभरपैकी नव्वद गुण लेखी असल्याने त्याचा हिशेबही चुकत नाही. संध्याकाळी शिकवणीत तीच उत्तरे पुन्हा घोकली जातात, आणि प्रश्न थोडा फिरवून आला की पाठ असलेले उत्तरही मुलाला सापडत नाही.