फुप्फुसांतील बंदोबस्त

दिवसाकाठी सुमारे १०,००० लिटर हवा आपल्या फुप्फुसांतून ये-जा करते, आणि तिच्यासोबत फुलांचे पराग, बुरशीचे बीजाणू, अंथरुणातील सूक्ष्म किड्यांच्या विष्ठेचे कण असे कितीतरी अनाहूत आत शिरतात. तरीही बहुतेक माणसे निर्वेध श्वास घेतात, ही गोष्ट इतकी नित्याची आहे की तिचे कारण विचारावे असे सहसा कोणास वाटत नाही. दम्याच्या रुग्णास मात्र त्या कारणाचे मोल कळते.

दम्यामागे पुष्कळदा ॲलर्जी असते. ॲलर्जी हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी योजला. तिची रीत अशी : श्वासमार्गाच्या अस्तरात तैनात असलेल्या डेंड्रायटिक पेशी परागाचा अंश उचलून लसीका ग्रंथीत टी पेशींपुढे रुजू करतात, त्या टी पेशींनी त्या निरुपद्रवी आगंतुकास शत्रू ठरविले, की इंटरल्यूकिन नावाची रासायनिक हुकूमपत्रे सुटू लागतात, त्यांपैकी इंटरल्यूकिन-४च्या प्रेरणेने बी पेशी आयजीई हे प्रतिपिंड घडवितात, इंटरल्यूकिन-५मुळे इओसिनोफिल पेशींची फौज जमते, आणि इंटरल्यूकिन-१३मुळे नलिकांत चिकट श्लेष्मा साचतो. आयजीईचा शोध इशिझाका या जपानी दांपत्याने १९६६ साली जाहीर केला. हे प्रतिपिंड मास्ट पेशींवर ठाण मांडून बसते. तोच पराग पुन्हा आला की त्या पेशी हिस्टामिनासारखी द्रव्ये सोडतात, नलिकांचे स्नायू आवळतात आणि छातीत घरघर सुरू होते.

या फौजेस आवरण्याचा बंदोबस्तही शरीराने केलेला आहे. वायुकोशांतील महाभक्षी पेशी बहुतेक कण गाजावाजा न करता गिळून टाकतात. त्यांहून मोठा अधिकार नियामक टी पेशींचा. शिमोन साकागुची यांनी १९९५ साली जपानात त्यांची ओळख पटविली. २००१ साली अमेरिकेत मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांनी, प्रतिकारशक्ती बेफाम झालेल्या उंदरांच्या एका वाणात फॉक्सपी-३ या जनुकाचा दोष हुडकला. पुढे हेच जनुक नियामक पेशींना घडविते असे सिद्ध झाले, आणि २०२५ साली तिघांस नोबेल पारितोषिक मिळाले. हे जनुक सदोष असलेल्या अर्भकांच्या अंगावर इसब उठतो, रक्तातील आयजीई वाढते. नियामक पेशी इंटरल्यूकिन-१० व टीजीएफ-बीटा ही शामक द्रव्ये स्रवतात, इतर टी पेशींस हवे असलेले इंटरल्यूकिन-२ स्वतःच शोषून घेतात, आणि डेंड्रायटिक पेशींच्या अंगावरील चिथावणीचे रेणू उतरवून घेतात.

या जाणिवेच्या कितीतरी आधी, १९११ साली, लंडनच्या लेनर्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क अल्प, पण चढत्या मात्रेने टोचून रुग्णांची ॲलर्जी सौम्य केली होती. अशा उपचाराने नियामक पेशींचे बळ वाढते, हा उलगडा पुष्कळ उशिरा झाला.

आपल्याकडे दम्यावर श्वासातून घ्यावयाच्या स्टेरॉइडची सवय लागेल या भयाने, घरघर थांबताच ते औषध परस्पर तहकूब करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. स्नायू सैल झाले तरी नलिकांच्या अस्तरातील शोथ आतल्या आत धुमसत असतो, आणि स्टेरॉइड, नियामक पेशींच्या अपुऱ्या पडलेल्या हातास हात देऊन, तोच शमवीत असते. म्हणून ते थांबवावे की चालू ठेवावे, याचा निवाडा डॉक्टरांवर सोपवावा. छाती आज मोकळी वाटते, एवढ्या एकाच साक्षीवर तो करू नये.