ढोलकीवाल्याचे नाव

कॅसेटच्या दिवसांत केदारखेड्यात चौदा एप्रिलला पहाटेपासून कर्ण्यावर प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाज घुमायचा. २००४ साली ते गेले, आवाज मात्र आजही पोराटोरांना ओळखू येतो. पण ढोलकीवर कोण, कोरसला कोण, हे आम्ही कधी विचारले नाही.

वामनदादा कर्डक शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. कॅसेटवर छापा वा न छापा, गाणाऱ्याला ते घ्यावेच लागे! ढोलकीवाल्याला असे कडवे कोठून मिळणार?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बांधवांचेही दुखणे हेच. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीची कितीतरी गाजलेली गाणी ज्यांनी वाजवली, त्या वादकांची नावे वेष्टनावर नसत. १९७१ साली मार्विन गे या गायकाने व्हिएतनामचे युद्ध, गरिबी, पोलिसी जुलूम यांवर ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ ही तबकडी काढली. तिच्या मुख्य गाण्याला मालकाने आधी नाक मुरडले होते. त्याच तबकडीवर जेम्स जेमर्सन आणि त्यांच्या साथीदारांची नावे छापून आली.

आपल्या जयंतीच्या पत्रिकेत वर्गणीदारांची नावे रकमेसह येतात. यंदा गायन पार्टीतल्या ढोलकी, बँजो, कोरसवाल्यांचीही येऊ द्या. यादी मी करायला घेतली आहे.