यूपीएस दगा देतो तेव्हा



पेडणे-डिचोलीत पावसाळ्यात वीज जाणे नवे नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळात तर झाडे तारांवर कोसळून गोव्यात ठिकठिकाणी अंधार झाला होता. अशा वेळी हातातले काम सेव्ह करून संगणक नीट बंद करायला पाच-दहा मिनिटे मिळावीत, एवढेच यूपीएसचे काम.

वीज जाताच संगणकही बंद पडला, तर यूपीएस बिघडला असे लगेच समजू नये. आधी प्लग व फ्यूज पाहावा. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडलेला असल्यास काढावा; तो गरम होताना फार वीज ओढतो. मग यूपीएस आठ तास चार्ज करून, संगणकाऐवजी ६० वॉटचा बल्ब लावावा आणि बोर्डाचे बटण बंद करावे. बल्ब मिनिटभरात विझला, तर दोष बहुधा बॅटरीचा.

ही १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी साधारण तीन वर्षे टिकते. मे महिन्याच्या सुटीत ती न वापरताही उतरते. तशीच राहिली, तर शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो व ती कायमची निकामी होते. म्हणून सुटीतही महिन्यातून एकदा ती चार्ज करावी.

यूपीएस मुलांनी उघडू नये. आत २३० व्होल्टचा धोका असतो. फुगलेली बॅटरी वापरू नये. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता दुकानदाराला परत द्यावी.

पालक व विश्वस्तांना विनंती : नवा यूपीएस घेण्याआधी बॅटरी तपासून घ्यावी. बऱ्याचदा तेवढ्यावरच भागते.